आकुर्डीची भट्टी आणि आमची समिती

कोर्टात मी पाहिलेला सगळ्यात अबोल साक्षीदार म्हणजे महाळुंग्याच्या वीटभट्टीवरची एक गोणी विटा. भट्टीचा मालक माझा अशील. विटा कच्च्या निघाल्या, असं समोरच्या ठेकेदाराचं म्हणणं. मालक असा काही चिडला की पुरावा म्हणून गोणीच खांद्यावर टाकून शिवाजीनगरच्या कोर्टात आला. जज्जसाहेबांच्या देखत त्याने एक वीट जमिनीवर आपटली. वीट तशीच राहिली, फरशीचा टवका उडाला. मग त्या विटांवर रीतसर निशाणी क्रमांक पडला, त्या नाझराच्या, म्हणजे कोर्टातल्या वस्तू सांभाळणाऱ्याच्या, कोठीत गेल्या आणि दाव्याला पुढची तारीख मिळाली. अशा तारखा पडत गेल्या. शेवटी निकालाच्या सुमाराला गोणी बाहेर काढायला गेलो तर रिकामी. मधल्या पावसाळ्यात आवाराची भिंत ढासळली होती आणि ती बांधताना कोणीतरी आमचा पुरावा लावून टाकला होता. मालक भिंतीपाशी गेला, तिच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, भित्ताड पक्कं हाय की वो. आता तरी मानत्यात का बघा."

हा किस्सा मी आजवर लग्नकार्यात, गप्पांत, निरोपसमारंभांत सांगत आलो आणि लोक पोट धरून हसले. या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हाही तोच सांगून मोकळं व्हावं, असं मनात होतं. पण त्याच वर्षांतली दुसरी एक हकीकत आहे. ती मी सहसा सांगत नाही, कारण ती ऐकून कोणी हसत नाही.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी चिंचवड गावात राहत होतो. पुण्याला जायला पॅसेंजर गाडी, ती चुकली तर सायकल. पिंपरीला औषधांचा मोठा सरकारी कारखाना उभा राहत होता, निर्वासितांच्या छावणीत घरोघरी काही ना काही तयार होऊन विक्रीला जाऊ लागलं होतं, दापोडीला वर्कशॉपचे भोंगे वाजत. बाकी सगळी शेतं. पण मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडी दिसू लागल्या होत्या. कोणी लेथ टाकला, कोणी लाकडाची वखार, कोणी ओतकामाची भट्टी. जिथे दोन माणसं मिळून धंदा काढतात तिथे भांडण यायचंच, आणि भांडणापाठोपाठ आम्ही. माझी बहुतेक वकिली अशा धंद्याच्या दाव्यांवर चालली. भागीदारी मोडली, माल परत आला, करार पाळला नाही, असे ते दावे. यात खून नाही, मारामारी नाही, त्यामुळे वर्तमानपत्रवाले फिरकत नाहीत. मात्र शेतजमिनीच्या दाव्यात जमीन निदान जागच्या जागी राहते. चालता धंदा तसा राहत नाही. तो रोज चालला तरच धंदा. हे मला आकुर्डीच्या भट्टीने शिकवलं.

सोपानराव आकुर्डीचे जुने शेतकरी, माझे अशील. रस्त्यालगतचा जमिनीचा तुकडा त्यांनी भट्टीला दिला होता. गिऱ्हाईक, माल आणणं-पोचवणं हे सगळं तेच पाहत. त्यांचा भागीदार महादबा कोल्हापूरकडचा, ओतकामातला वस्ताद. त्याने आपल्या भागातले मोल्डर, म्हणजे वाळूत साचे धरणारे कारागीर, आणून शेडच्या मागच्या खोल्यांत ठेवले होते. पाण्याच्या पंपांचे भाग ते ओतत. काम असं की लाकडाचा एक पॅटर्न, म्हणजे हव्या त्या वस्तूचा हुबेहूब नमुना, ओल्या वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. पॅटर्न महादबा स्वतःच्या हाताने घडवी. ते त्याने मला एकदा अशा कौतुकाने दाखवले होते की मीही प्रत्येकाला हात लावून पाहिला.

एकदा गिऱ्हाइकाकडून तडे गेलेला माल परत आला. सोपानराव म्हणाले, साचे नीट धरले नाहीत. महादबा म्हणाला, तुम्ही आणलेलं भंगारच वाईट. माल खरोखर कशाने तडकला हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यावरून बोलाचाली झाली, बोलण्यात एकमेकांची गावं निघाली, आणि महादबा तिरीमिरीत पुण्याला तात्यासाहेब वर्तकांकडे गेला.

तात्यासाहेब म्हणजे धंद्याच्या दाव्यांतलं आमच्याकडचं सगळ्यात मोठं नाव. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा कोट, आणि तरुण वकिलालाही 'अहो जाहो' करणारे. त्यांच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही. त्यांनी महादबाच्या वतीने भागीदारी मोडण्याचा दावा लावला आणि सोबत दोन गोष्टी मागून घेतल्या. निकाल लागेपर्यंत कारखाना कोर्टाच्या ताब्यात राहावा आणि आहे ती स्थिती 'जैसे थे' ठेवावी. अशा दाव्यांत कोणीही वकील हेच मागतो. एका भागीदाराने रातोरात माल हलवू नये एवढाच त्यामागचा हेतू.

भाद्रपदातली गोष्ट. भट्टी पेटलेली होती. दावा लागला तरी हातातलं काम पुरं करायचं म्हणून महादबा स्वतः उभा होता. तेवढ्यात कोर्टाचा बेलीफ हुकूम घेऊन दारात आला. सोपानरावांनी एका मोल्डरला सायकलवर माझ्याकडे पिटाळलं. मी धापा टाकत पोचलो तर भट्टीला वारा देणारा इंजिनाचा पंखा बंद केलेला आणि दारात दावा लावणारा महादबाच बेलिफासमोर हात जोडून उभा.

"साहेब, रस तयार हाय. एवढा वतून घिऊ द्या, मग लावा की कुलूप! न्हायतर भट्टी बसती माझी!"

बेलीफ पापभीरू माणूस होता. मागे कुठल्यातरी कामात थोडी सवलत दिली म्हणून त्याने वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. तो म्हणाला, "हुकमात जैसे थे लिहिलंय. जे जिथे आहे ते तिथेच राहायला पाहिजे. भट्टीतलं लोखंड भट्टीत. मी ते बाहेर कसं काढू देऊ?"

मी परोपरीने सांगितलं. दोन्ही पक्ष तयार आहेत, लेखी देतो म्हटलं. तो म्हणाला, "साहेबांचा हुकूम आणा." शिवाजीनगरला जाऊन हुकूम आणेपर्यंत रस थोडाच थांबणार होता? हळूहळू भट्टीच्या तोंडाशी दिसणारी लाली मावळली. आतलं लोखंड आतच थिजलं. भट्टी बसली म्हणजे आतलं विटांचं अस्तर फोडल्याशिवाय ती पुन्हा पेटवता येत नाही, हे मला तेव्हा महादबाने सांगितलं, आणि सांगता सांगता तो रडू लागला. मग दाराला कुलूप लागलं, त्यावर लाखेची मोहोर उठली.

त्याच सुमाराला तात्यासाहेब 'व्यापारी दावे वकील समिती' काढत होते. मला त्यांनी बोलावलं तेव्हा मी एका पायावर तयार झालो. माझ्या मनात एकच गोष्ट होती. भांडणातला चालता कारखाना कुलूपबंद करू नये, कोर्टाच्या देखरेखीखाली तो चालू ठेवावा, असं एक निवेदन समितीने वरच्या कोर्टाला द्यावं. सगळ्या नामांकित वकिलांनी सह्या केल्या तर ते कोण डावलणार? आणि ते मान्य झालं तर आकुर्डीचं कुलूप पहिल्यांदा निघेल. सोपानरावांना मी तसं सांगितलंही. ते म्हणाले, "बघा वकीलसाहेब. मोल्डर हायेत तवर कारखाना हाय. ती पोरं एकदा पांगली, तर मंग कुलूप निघालं काय आन् न्हाई काय, सारखंच."

अक्षर बरं म्हणून मला चिटणीस केलं गेलं. पहिल्या सभेत समितीच्या नावात 'व्यापारी' शब्द असावा की 'औद्योगिक' यावर चर्चा झाली. दुसऱ्या सभेत समितीचं चिन्ह तराजू असावं की दीप, यावर. माझं निवेदन विषयपत्रिकेत शेवटी होतं आणि शेवटपर्यंत पोचण्याआधी कोणाची ना कोणाची गाडी निघायची वेळ व्हायची. मी आग्रह धरला तेव्हा एक उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीने आणखी एक मसुदा मागवला. निवेदनाचं भिजत घोंगडं पडलं ते पडलंच.

पण खरी गंमत, गंमत कसली, निराळीच होती. बाहेरच्या वाचकाला ती समजायची तर आमच्या बाररूमची एक रीत सांगायला हवी. समोरच्या वकिलाने मुदत मागितली तर आपण अर्जावर 'हरकत नाही' असं लिहून सही करायची. आज तो अडला, उद्या आपण अडू. ही माणुसकीची रीत आहे आणि तिच्यावर कित्येक आजारपणं, लग्नं, बाळंतपणं निभावली आहेत. समिती निघाल्यावर मुदतीच्या अर्जांत एक नवीन कारण दिसू लागलं, 'वादीचे वकील समितीच्या कामात असल्याने.' दावे लवकर निकाली निघावेत म्हणून काढलेली समिती, आणि तिच्या सभेपायी दावे पुढे ढकलले जात होते! समोरचा वकीलही समितीतच असायचा, त्यामुळे 'हरकत नाही' हे ठरलेलं. जज्जसाहेबांनाही ते कारण भारदस्त वाटे. एखाद्याच्या घरच्या आजारपणाची ते चौकशी करत, समितीची कधी केली नाही.

आकुर्डीच्या दाव्यातही तसंच चाललं. एकदा मी तात्यासाहेबांच्या अर्जावर 'हरकत आहे' असं लिहिलं आणि उभा राहून भट्टीची परिस्थिती सांगितली. जज्जसाहेबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी तात्यासाहेबांकडे पाहिलं, मागे बसलेल्या वकिलांकडे पाहिलं, सगळे माझ्याकडे पाहत होते. तारीख मिळालीच. त्या दुपारी बाररूममध्ये माझ्या टेबलापाशी चहाला कोणी बसलं नाही. तात्यासाहेब मात्र आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जोगळेकर, तुमची तळमळ मला कळते. पण आपल्याला संस्था उभी करायची आहे. एका दाव्याकडे पाहून कसं चालेल?" त्यांना ते मनापासून वाटत होतं.

सोपानराव आणि महादबा प्रत्येक तारखेला चिंचवडहून एकाच गाडीने येत. आधी दोघे निरनिराळ्या डब्यांत बसत. मग एका डब्यात, पण दोन टोकांना. कोर्टाच्या आवारात दिवसभर पुकाऱ्याची वाट पाहत बसायचं आणि संध्याकाळी तारीख घेऊन परतायचं. असं होता होता कधीतरी महादबाने सोपानरावांकडे चुना मागितला. उन्हाळ्याच्या तोंडाला दोघे एकत्रच माझ्या घरी आले. महादबा दाराशी घुटमळत म्हणाला, "वकीलसाब, तुमी माझं वकील न्हवं. तरी आत येऊ का?"

सोपानराव म्हणाले, "आमचं मिटलं हाय. मालाला तडं कशानं गेलं ते दोघांनाबी ठावं न्हाई. मंग भांडायचं कशापायी? कुलूप तेवढं काढून द्या."

मोल्डर अजून होते. पिंपरीला पायाभरणीच्या कामावर रोजाने जात आणि रात्री शेडमागच्या खोल्यांत परतत. भांडण मिटल्याचं कळताच त्यांनी वाळू चाळायला घेतली, असं महादबाने सांगितलं. भट्टी फोडून नवीन अस्तर लावायचं त्याने मनाशी ठरवलं होतं. त्या दिवशी मला फार आनंद झाला. वकिलीतला तो माझा सगळ्यात चांगला दिवस होता, असं आज वाटतं.

तडजोडीचं काम सोपं. दोघांच्या सह्यांची आणि दोन्ही वकिलांच्या सह्यांची तडजोड पुरशीस, म्हणजे तसा लेखी कबुलीचा कागद, जज्जसाहेबांपुढे ठेवायची. ते दोघांना विचारतात, राजीखुशी आहे ना? हो म्हटलं की झालं. पण हे कोर्टात व्हावं लागतं आणि उन्हाळ्याची सुट्टी तोंडावर आलेली. सुट्टीआधीचा शेवटचा कामाचा दिवस मिळाला. नेमका तोच दिवस तात्यासाहेबांनी समितीच्या उद्घाटनाला ठरवला होता. समिती महिनोन्महिने चालली होती, पण तिचं उद्घाटन राहिलं होतं. त्या दिवशी सगळे वकील हमखास हजर असतात, हा त्यांचा हिशेब. वकिलाखेरीज दुसऱ्या कोणाला तो सुचला नसता, कारण सगळे त्या दिवशी सुट्टीआधीची अडलेली कामं उरकायला हजर असतात, हे आम्हालाच ठाऊक होतं आणि आम्हीच ते विसरलो.

सकाळी मी पुरशीस पुढे केली. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या कामांची यादी, भरलेला होता. जज्जसाहेब म्हणाले, "दुपारच्या सत्रात घेऊ." दुपारी कोर्टाच्या शिरस्तेदारांनी सांगितलं, साहेब प्रमुख पाहुणे आहेत, आता बसणार नाहीत.

मी धावत बाररूमच्या दालनात गेलो. तात्यासाहेब हारांच्या परडीपाशी उभे होते. त्यांनी पुरशीस वाचली, चेहरा उजळला, तिथेच खिडकीच्या कठड्यावर कागद ठेवून सही केली. "वा! समितीच्या उद्घाटनाला तडजोड. याहून शुभ काय असणार?" मग मी व्यासपीठावर जज्जसाहेबांकडे गेलो. त्यांच्या अंगावर नुकतंच गुलाबपाणी शिंपडलं होतं. क्षणभर आपल्या दालनात चलावं, अशी मी हळू आवाजात विनंती केली. ते म्हणाले, "जोगळेकर, कोर्ट उठलंय. गळ्यात हार घालून मी हुकूम कसा करू? सुट्टी संपली की पहिल्यांदा तुमचंच घेतो." कायद्याने त्यांचं बरोबर होतं. आमच्या कामात जो तो कायद्याने बरोबरच असतो.

वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत सोपानराव आणि महादबा शेजारी शेजारी बसलेले. नवे फेटे, धुतलेली धोतरं, मांडीवर पेढ्यांचा पुडा. मी जवळ गेलो तसे सोपानराव खालच्या आवाजात म्हणाले, "एवढा मोठा कार्यक्रम! आमच्या तडजोडीसाठी हाय का वो?"

मी नुसतीच मान हलवली, आणि त्याचा त्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे. जज्जसाहेबांचं भाषण झालं. उशिरा मिळालेला न्याय हा अन्यायच, असं ते म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतले ते दोघेही मनापासून टाळ्या वाजवत होते. महादबाने तर शेजारच्या अनोळखी वकिलाला पेढा दिला. चिटणीस म्हणून आभार मला मानायचे होते. मी उभा राहिलो, पाहुण्यांचे, अध्यक्षांचे, मांडववाल्याचे, सगळ्यांचे आभार मानले. नावं घेताना दोनदा अडखळलो आणि लोकांना वाटलं मी भारावलो आहे.

बाहेर आल्यावर सगळं सांगावं लागलं. दोघांना आधी पटेचना. सोपानराव पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, "ह्यो राजी हाय, मी राजी हाय. मंग ते कुलूप आता कुणाच्या भांडणासाठी हाय?"

"ते कोर्टाचं आहे, सोपानराव. हात लावलात तर तुरुंगात जाल."

सुट्टीतही तातडीच्या कामासाठी एक जज्ज बसतात. मी त्यांच्याकडे अर्ज घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने वाचून परत दिला. म्हणाला, "यात तातडी कुठे आहे? दोन्ही पक्षांचं जमलंय. भांडण असतं तर तातडीचं धरलं असतं."

त्या उन्हाळ्यात मोल्डर पांगले. त्यांचा दोष नव्हता. कुलूप निघणार म्हणून त्यांनी पिंपरीचं काम सोडलं होतं, तिथे आता दुसरी माणसं लागली होती. काही गावी गेले, काहींना खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात काम लागलं. महादबा एकेकाला अडवत राहिला. "थोडं थांबा रं, सुट्टी सपली की उघडतंय," असं तो सांगायचा. शेवटचा मोल्डर त्याच्या सख्ख्या चुलत्याचा मुलगा. तो म्हणाला, "दादा, तू कोर्टाचं ऐकत बस, मला पोरं हायत."

सुट्टी संपली. जज्जसाहेबांनी शब्द पाळला. पुकारा झाला, दोघांना विचारलं, दोघे हो म्हणाले, तडजोड नोंदली गेली. मी खिडकीबाहेर नजर टाकून परत वळेपर्यंत सगळं आटपलं होतं. इतकं सोपं होतं ते.

कुलूप काढायला तोच बेलीफ आला. दार उघडलं तशी आतून कोंदट वारा आला. पॅटर्न ठेवायच्या फळ्यांकडे महादबा पहिला गेला. वरून सगळे जिथल्या तिथे दिसत होते. त्याने एक उचलला आणि त्याच्या हातात नुसता पातळ पापुद्रा आला, बाकीचा भुगा पायांवर सांडला. वाळवी लागली होती. त्याने दुसऱ्याला हात लावला, तिसऱ्याला लावला, मग लावायचं थांबवलं. बेलीफ कागदावर आमच्या सह्या घेत म्हणाला, "सगळं होतं तसंच मिळालं, असं लिहा." आणि आम्ही तिघांनी सह्या केल्या.

मला वाटलं, आता दोघे पुन्हा भांडतील. एकमेकांच्या अंगावर जातील, दावा कोणी लावला, वकील कोणी केला, सगळं निघेल. मला तर तेच बरं वाटलं असतं. पण महादबा शेडच्या उंबऱ्यावर बसून राहिला आणि सोपानरावांनी त्याला तंबाखू मळून दिली. पंपाचं गिऱ्हाईक केव्हाच दुसरीकडे गेलं होतं. पावसाळा लागायच्या आत महादबा सांगलीकडे कोणाच्या तरी भट्टीवर मिस्त्री म्हणून निघून गेला.

समितीची वार्षिक सभा झाली तेव्हा तात्यासाहेबांनी अहवाल वाचला. त्यात आकुर्डीचा दावा होता. 'समितीच्या प्रेरणेने सामोपचाराने मिटलेला पहिला औद्योगिक दावा' असा त्याचा उल्लेख होता. टाळ्या पडल्या. मी उठून उभा राहिलो आणि शेडमध्ये जे पाहिलं ते सगळं सांगितलं, वाळवी, मोल्डर, सगळं. माझं संपल्यावर तात्यासाहेब म्हणाले, "जोगळेकरांच्या भावना इतिवृत्तात नोंदवू." इतिवृत्त लिहायचं काम माझंच होतं. मी तिथल्या तिथे राजीनामा दिला. तो पुढच्या सभेपुढे ठेवायचं ठरलं आणि पुढच्या सभेला पुरेशी माणसंच जमली नाहीत. माझं निवेदन कधी कोणाकडे गेलं नाही. पुढे मी अनेक वर्षं वकिली केली, बरे-वाईट दावे जिंकले-हरलो, पण चार शहाणी माणसं एकत्र बसली की काही भलं होतं, हा माझा विश्वास तिथेच संपला. तो परत आला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी आकुर्डीला गेलो. कारखान्यांत त्या दिवशी यंत्रांची, हत्यारांची पूजा असते आणि भट्टी चालू होती तेव्हा सोपानराव मला न चुकता बोलावत. या वेळी बोलावणं नव्हतं. मी आपणहोऊन गेलो, राजीनामा दिल्याचं त्यांना सांगावं म्हणून. त्याने त्यांना काय मिळणार होतं, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

ते शेडच्या बाहेर दगडावर बसले होते. मागे दार सताड उघडं होतं आणि आत कोणाच्या तरी दोन शेळ्या सावलीला बसल्या होत्या. मी समितीचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं केलं" म्हणाले, जसं कोणी पावसापाण्याचं बोलल्यावर म्हणतात तसं.

मग मी विचारलं, "पूजा नाही केलीत यंदा?"

"गेल्या साली केली व्हती," ते म्हणाले. "तुमाला ठावं न्हाई. दार बंद, कोर्टाची मोहोर. तरी महादबा आला, समदी मोल्डर पोरं आली. त्याचं माझं बोलणं न्हवतं तवा. हितं रस्त्यावर उभं राहिलो आन् त्या कुलपालाच हळद-कुकू लावलं, झेंडूची माळ घातली. आत भट्टी हाय म्हणून."

त्यांनी मागे वळून उघड्या दारातून आत पाहिलं.

"औंदा दार उघडं हाय, वकीलसाहेब. तुमीच सांगा, हळद-कुकू कशाला लावू?"